काडी

मामाच्या शेडमधल्या काट्यावर,
जिथे द्राक्षांचे क्रेट चढतात-उतरतात,
मी गेल्या वर्षी मार्चमध्ये चढलो चपला काढून.
चौऱ्याण्णव.
पॅकिंगच्या बाया हसल्या नाहीत, तेच लागलं.
एकीने वाकून फक्त काट्याखालची फळी सरळ केली.

मग पांडवलेणीच्या पायऱ्या.
सातपूरहून सायकल, पहाटे साडेपाच.
पहिल्या आठवड्यात निम्म्यावर उलटी झाली,
तेव्हा एका कुत्र्याने
फार समजूतदारपणे दुसरीकडे पाहिलं.
चहातली साखर गेली.
रविवारची मिसळ हप्त्या-हप्त्याने गेली:
आधी पाव, मग शेव, मग तर्री,
शेवटी वाटीत मटकी उरली आणि समोर मी.

तेरा महिने. सव्वीस किलो.
नववीत ज्याला टेम्पो म्हणत
त्याला आता कॉलनीतल्या काकू थांबवून विचारतात,
"बरं नव्हतं का रे? काडी झालास अगदी."
शिंप्याने पँट तीनदा आत घेतली,
चौथ्यांदा म्हणाला, नवीनच शिव, दोन्ही खिसे मागे भेटायला आलेत.

पण न्हाणीघरात, कडी लावल्यावर,
पोटावरची कातडी चिमटीत येते
उसवलेल्या गोधडीच्या काठासारखी,
आणि आरशात तो उभाच असतो,
टेम्पो,
दिवे लावून.
म्हणून वाटतं, अजून चार किलो.
मग अजून दोन.

फिरोजभाईंनी वही पाहिली,
सकाळ-संध्याकाळचे आकडे, लाल पेनाने.
"अजून चार? मग काय, हाडं विकणार का?
घटवणं झालं बेटा. आता खा आणि उचल."
कधीपासून, विचारलं.
त्यांनी टॉवेलने बार पुसला.
"नुसता बार वीस किलोचा आहे.
त्याला घाई नाही. तुला आहे का, बघ."

मला घाई नव्हती. मला भीती होती.
खाल्लं की आकडा चढणार,
आणि चढणाऱ्या आकड्याच्या तोंडावर
स्नायू की चरबी असं काही लिहिलेलं नसतं.
दहा रात्री मी हिशेब केला,
बारावीनंतर करू, पावसाळ्यानंतर करू,
पासष्ट झाल्यावर करू.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी मामाकडे गेलो.
बागेत खरड छाटणी चालू होती,
वेली इतक्या उघड्या की तारा मोजता येत होत्या.
मी म्हणालो, मेली का ही?
मामा कात्री न थांबवता:
"हट्! ही काडीसाठीची छाटणी, भो.
ऑक्टोबरातली फळासाठी.
मधल्या दिवसांत काडीने खायचं, जाड व्हायचं, पिकायचं.
कच्ची राहिली तर घड काय हवेत धरणार?"
त्याला माझ्याबद्दल काही सांगायचं नव्हतं.
लगेच तो डिपीच्या फ्यूजवर घसरला.

त्या रात्री स्वयंपाकघरात
आई भाकरी थापत होती, लहान.
तेरा महिन्यांत तिच्या बोटांनाच सवय झाली होती;
स्वतःचीही तेवढीच थापायची, हे मला
त्या रात्री दिसलं.
म्हटलं, आई, वाढ.
तिने भाजीचा डाव उचलला.
म्हटलं, नाही, भाकरी. आणि दोन अंडी.
ती काही बोलली नाही.
पीठ मात्र तिने पुन्हा परातीत घेतलं
आणि मोठ्या आवाजात थापलं.

आज तीन आठवडे झाले.
बारला दोन्ही बाजूंनी अडीच-अडीचच्या चकत्या.
हात थरथरतात, जिना उतरताना मांड्या शिव्या देतात.
शेड रिकामं आहे, हंगाम संपलाय,
काट्यावर धूळ.
अडुसष्ट, चारशे.

वहीत लिहायला लाल पेन काढलं, चालेना.
झटकलं, तळहातावर गिरवलं.
चारशे ग्रॅम,
म्हणजे द्राक्षांचा एक बऱ्यापैकी घड,
किंवा त्या रात्रीच्या भाकरी,
किंवा तो, परत येतोय.
मला खरंच माहीत नाही.

खाली उतरलो.
धुळीत पावलं उमटली होती, दोन,
थोडी बाहेर फाकलेली, लहानपणापासून तशीच.
मामीने आतून हाक मारली, जेवायला.
गेलो.